मॅटाडोरचा तळ आणि लोहाराचा टाकणखार



गेल्या आठवड्यात नारायणगावला टोमॅटोचे क्रेट उतरवताना आबांचा पाय आमच्या जुन्या मॅटाडोरच्या तळातून आरपार गेला. पोटरी सोलली, हाड वाचलं. त्या जागी आमची धाकटी असती तर, या विचारानं रात्री झोप लागली नाही.

सगळे म्हणाले, भंगारात दे. आबा म्हणाले, "आधी उघडून तर बघ."

रबर मॅटिंग उचकटलं. खाली मागं कधीतरी मीच मारून घेतलेला पत्रा आणि त्याच्या खाली मूळ तळ, म्हणजे नुसते गंजाचे पापुद्रे. दोन पत्र्यांच्या मधे ओली माती, मेथीचा कुजका पाला आणि खताचे दाणे. पोटॅश म्हणजे शेवटी मीठच. ओल्या पोत्याखाली लोखंड किती दिवस टिकणार? गाडी वयानं गंजली नव्हती. मी गंज न कापता वर पत्रा झाकला, म्हणून गंजली.

या गाडीचं कूळ लांबचं आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गमध्ये 'टेम्पो' नावाच्या गाड्या बनायच्या. १९४९ साली त्यांनी मॅटाडोर काढली. ओढ पुढच्या चाकांवर, मागं फिरणारा दांडा नाही, म्हणून तळ खाली. माल चढवायला सोपं, पण रस्त्याचा चिखलही जवळ. इकडं १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी आली, पुढं पुण्याजवळ आकुर्डीला मॅटाडोर बनू लागली. आज आपण कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, तो शब्द त्या हारबुर्गचा.

आणि वेल्डिंग? आबांनी लहानपणी गावच्या लोहाराला बैलगाडीच्या चाकाची धाव जोडताना पाहिलंय. पट्टीची दोन्ही टोकं पांढरी होईपर्यंत तापवायची, वर टाकणखार टाकायचा आणि घणाचे घाव. टाकणखारानं लोखंडावरची खपली वितळून बाहेर पडते, म्हणून सांधा एकजीव होतो. पुढं १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यातल्या निकोलाय बेनार्दोसनं कोळशाच्या कांडीनं विजेचा जाळ काढून लोखंड जोडलं. पण उघड्या जाळात हवा शिरली की सांधा ठिसूळ होतो. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी कांडीवरच लेप दिला. तो लेप जळून वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. रॉड मारल्यावर हातोडीनं झाडावी लागते ती काळी खपली त्याचीच. म्हणजे टाकणखाराचंच काम, फक्त कांडीवर बसवलेलं. सीओटू वेल्डिंगमध्ये तेच झाकायचं काम वायू करतो.

लोहार असो की मशीन, गंजावर सांधा धरत नाही.

म्हणून या वेळी खणखणीत आवाज येईपर्यंत पत्रा कापला. भोक वीतभर होतं, कापावा लागला अर्धा तळ. खालचे दोन क्रॉसही खाल्लेले निघाले, ते आधी बदलले. बॅटरी सोडवली, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली, वायरी बाजूला घेतल्या, शेजारी पाण्याची बादली आणि वाळू. पातळ पत्र्याला रॉडनं भोकं पडतात, म्हणून सीओटूवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी एक टाका इकडं, एक तिकडं असं मारलं, नाहीतर उष्णतेनं पत्रा फुगतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा घेणार असाल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर घासून काढा. तो धूर छातीत जाऊ देऊ नका, ताप भरतो. शेवटी सांध्यांना सीलर, वरून-खालून रेड ऑक्साइड आणि पाणी निघायला चार भोकं. मॅटिंग परत टाकलंच नाही. उघडा तळ रोज दिसतो, धुता येतो.

काल आबा स्वतः आत चढले आणि टाच आपटून कोपरा न् कोपरा तपासला. उतरताना एवढंच म्हणाले, "खताची पोती आता ट्रॉलीत."

तुमच्या टेम्पोचं मॅटिंग शेवटचं कधी उचललं होतं? उद्या एकदा उचलून बघा.