फिएट, घाट आणि बुडबुडा

"घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं" हे वाक्य आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. फडकं का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्यामागे गाड्यांचा बराच इतिहास आहे.

प्रश्न साधा आहे: टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत न्यायचं कसं? १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये पंपच नव्हता. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर तिच्याहून खाली, पेट्रोल आपोआप उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा असला की लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवत!

पुढे टाकी मागे गेली आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंजिनावर बसवलेला, इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा पडद्याचा पंप रूढ झाला. स्वस्त आणि टिकाऊ. पण टाकीपासून या पंपापर्यंत पेट्रोल ढकललं जात नाही, ओढलं जातं. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळणं लवकर सुरू होतं. उंच पहाडात डाळ नीट शिजत नाही ती याच कारणाने. पेट्रोलमधले हलके घटक तर ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. त्यात पंप गरम इंजिनाला चिकटलेला!

आपल्याकडे हा पंप घरोघरी आला तो फिएटमधून. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या (स्थापना १९४४) कुर्ल्याच्या कारखान्यातली फिएट ११००, १९७४ पासून तीच 'पद्मिनी'. बोरघाटात मे महिन्याच्या दुपारी लहान गिअरमध्ये चढताना इंजिन तापे, वारा कमी लागे, पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफच हलवत बसे. ओलं फडकं पंप थंड करी, वाफेचं पुन्हा पेट्रोल होई. अडाणी उपाय वाटतो, पण शास्त्र चोख!

नंतर लोकांनी नळीत पारदर्शक प्लॅस्टिकचे फिल्टर बसवले आणि बुडबुडे डोळ्यांना दिसू लागले. फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. हवेचा एक स्थिर फुगा बहुधा निरुपद्रवी असतो. बुडबुड्यांची सतत माळ दिसली तर मात्र कान टवकारावेत. ती फक्त गरम गाडीत दिसली तर वाफ. थंड गाडीतही दिसली तर टाकी आणि पंपाच्या मधे कुठेतरी तडा गेलेली नळी किंवा सैल क्लिप. तिथे पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून दोष सापडत नाही आणि बिचारा फिल्टर पुन्हा पुन्हा बदलला जातो.

२००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर गेला आणि टाकीतच बुडवलेला विजेचा पंप आला. तो दाबाने ढकलतो, त्यामुळे वाफ धरायची संधीच कमी. घाटातली उघडी बॉनेटं दिसेनाशी झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचं आयुष्यही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं.

मग हे आज का सांगतोय? कारण हौसेने सांभाळलेल्या फिएट अजून आहेत, आणि २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, तडकतात. पंपाच्या अलीकडे तडा गेला तर बुडबुडा दिसतो, गाडी बंद पडते, एवढंच. पलीकडे गेला तर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर, म्हणजे आगीला आमंत्रण. दोन्हीकडच्या नळ्या मात्र एकाच वयाच्या असतात!

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, काकांची फिएट दिवाळीत बाहेर काढणार असाल तर पॉलिश नंतर करा. आधी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. बुडबुडा दिसला तर तो फुकट मिळालेला इशारा समजा.