चाळीस दिवसांचा उपवास आणि फादर स्टीफन्सचें पुराण

अजिंठ्याचीं लेणीं ज्या तालुक्यांत मोडतात त्या सोयगांवीं वास्तव्य असल्यामुळें प्रस्तुत लेखकास सोळाव्या लेण्यांतील नंदाचें चित्र वारंवार पाहण्याचा योग येतो. हें लेणें वाकाटक नृपति हरिषेण याचा अमात्य वराहदेव यानें करविलें. बुद्धानें आपलें भिक्षापात्र नंदाच्या हातीं दिलें. तें परत कसें द्यावें या संकोचांत नंद मागोमाग विहारांत गेला व तेथें त्याचें मुंडन झालें. इकडे त्याचा मुकुट परत आलेला पाहून पत्नी मूर्च्छित झाली. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याचें कथानकहि हेंच आहे. (या काव्याची नेपाळांतील पोथी हरप्रसाद शास्त्री यांनीं शोधून १९१० सालीं प्रसिद्ध केली, हें संग्राहकांस विदित असेलच.) केस उतरले जात असतां अश्वघोषाचा नंद रडतो. वस्तु हातची गेली, पण मनानें ती सोडली नाहीं. तें मनानें होण्यास पुढें कवीला कित्येक सर्ग खर्ची घालावे लागले.

हा भेद आपल्या परंपरेस नवा नाहीं. गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आरंभच संन्यास आणि त्याग यांविषयींच्या प्रश्नानें होतो, आणि देहाच्या क्लेशास भिऊन केलेला त्याग राजस होय, त्याचें फळ मिळत नाहीं, असा तेथें निर्णय आहे. गोमंतकांतील ख्रिस्ती मराठी वाङ्मय चाळितांना हा निर्णय पदोपदीं आठवतो, म्हणून हें टिपण.

भिक्षूंचा वर्षावास किंवा आपला चातुर्मास, तसा ख्रिस्ती संप्रदायांतहि तयारीचा एक नेमस्त काळ आहे. राखेच्या बुधवारीं कपाळास राख लावून तो सुरू होतो व पुनरुत्थानाच्या रविवारापूर्वीं संपतो. मधले रविवार वगळले म्हणजे दिवस चाळीस भरतात. पोर्तुगीज लोक त्यास ‘क्वारेज्मा’ म्हणतात. गोव्यांत त्याचेंच ‘करेज्म’ झालें. मराठी ख्रिस्ती त्यास उपवासकाळ म्हणतात. मांस वर्ज्य करणें हें याचें बाह्यांग. येशूनें अरण्यांत चाळीस दिवस उपोषण केलें, तेव्हां शिष्यानेंहि आपणांस काय सोडवत नाहीं याची या दिवसांत झडती घ्यावी, हा गाभा. शुभवर्तमानांत कोळी जाळीं टाकून गुरूमागें निघतात. एक धनाढ्य तरुण मात्र सर्व आज्ञा पाळूनहि धन सोडवेना म्हणून खिन्न होऊन परततो. पेत्र हा जाळीं सोडणाऱ्यांपैकींच. तरी गुरूस पकडून नेल्यावर, कोंबडा आरवण्यापूर्वींच, त्यानें गुरूची ओळख तीनदां नाकारली. जाळें सुटलें होतें, भय सुटलें नव्हतें.

आतां साष्टी प्रांताकडे वळूं. तेथें शिष्यत्वाची सुरुवात सोडण्यानें नव्हे, हिरावून घेण्यानें झाली. १५६७ सालीं तेथील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. जुन्या पोथ्याहि निषिद्ध ठरल्या. यांतील विपर्यास असा कीं, रामायण-महाभारतांतील कथांचीं कोंकणी व मराठी बाडें रोमन लिपींत उतरलेलीं आज पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत सांपडतात. जें लोकांनीं टाकावें असा हुकूम होता, तें हुकूम करणाऱ्यांच्याच गोटांत जपलें गेलें!

अशा प्रांतांत थॉमस स्टीफन्स यानें सुमारें चाळीस वर्षें काढिलीं. हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा, जन्म सुमारें १५४९. एलिझाबेथ राणीच्या राज्यांत रोमन पंथाचें आचरण धोक्याचें होतें. टॉमस पाउंड नांवाच्या श्रीमंत स्नेह्यासह रोमला जाण्याचा त्याचा बेत होता. पाउंड पकडला गेला व त्याचीं पुढचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटा रोमला पोंचला, १५७५ सालीं जेझुइट संघांत शिरला, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरला, आणि १६१९ सालीं मरेपर्यंत मायदेशीं परतला नाहीं. त्याचें सोडणें स्वतःचें होतें, आणि म्हणूनच ज्यांच्यापासून हिरावून घेतलें त्यांचें दुःख त्यास कळलें असावें, असें आमचें मत आहे.

या मतास आधार त्याच्या पुराणांतच आहे. ग्रंथाच्या आरंभीं एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरीं कां दिलीं नाहींत? हा प्रश्न ग्रंथांत ठेवणें ही लहान गोष्ट नव्हे. मोकळ्या केलेल्या हातांत कांहीं द्यावें लागतें, याची ती कबुलीच आहे. स्टीफन्सनें जें दिलें तें ओवींत, मराठींत, पुराणाच्याच घाटांत: पहिलें पुराण ३६ अवस्वरूंचें, दुसरें ५९ चें, मिळून १०,९६२ ओव्या. स्वर्गास त्यानें वैकुंठ म्हटलें. पहिल्या भागांत सृष्टीपासूनची जुनी कथा, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. करेज्माचे चाळीस दिवस ज्या क्लेशकथेकडे घेऊन जातात ती याच दुसऱ्या भागांत येते.

मात्र स्टीफन्सलाहि एक गोष्ट सोडावी लागली. देशी लिपींत पुस्तक छापण्याची इच्छा त्यानें १६०८ सालच्या पत्रांत रोमच्या वरिष्ठांस कळविली होती. अडचण ठशांची. युरोपांत चोवीस ठशांत भागतें. येथें अक्षरें जोडाक्षरांसह सहाशेंच्या घरांत. तेव्हां १६१६ सालीं रायतूरच्या छापखान्यांत पुराण निघालें तें रोमन लिपींत. पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या झाल्या. त्याच वाटेनें फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यानें १६२९ सालीं पेत्राच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध पुराण छापिलें. त्यांत खंडन-मंडन फार, आणि आम्हांस तें स्टीफन्सच्या मानानें रुक्ष वाटतें. पण शिष्यत्वाची कथा सांगण्यास जाळीं सोडणारा व कच खाणारा पेत्रच निवडला, ही निवड मार्मिक खरी.

यापुढचा इतिहास खेदाचा आहे. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द ताव्होरा यानें फर्मान काढून नेटिवांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें ठरविलें. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यानें तर तुळस लावणें आणि बिनमिठाचा भात शिजवून मागाहून मीठ घेणें एथवर बंदी नेली. पुराणाची चौथी आवृत्ति त्या काळीं निघाली नाहीं. स्टीफन्सनें हातांत दिलेलें पुस्तकहि अशा रीतीनें हातचें गेलें. परंतु तें सोडावयास लोक राजी नव्हते. त्यांनीं नकला केल्या, आणि स्थलांतर करितांना त्या बरोबर नेल्या. अशाच नकलांवरून जोसेफ सल्ढाना यांनीं १९०७ सालीं मंगळुरास ग्रंथ पुनः छापिला. विल्यम मार्सडन याच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्या-शाळेंत जस्टिन अॅबट यांस आढळली. तींत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द आहेत. ती मूळ कीं मागाहून संस्कारिलेली, हा वाद मिटलेला नाहीं. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली.

संग्राहकांस एक विनंति. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत उपलब्ध नाहीं. जुन्या घरांत रोमन लिपीचीं बाडें ‘पोर्तुगीज कागद’ म्हणून रद्दींत जातात. असें पान हातीं आल्यास तें मोठ्यानें वाचून पाहावें. ‘श’ च्या जागीं एक्स, ‘ण’ साठीं दोन एन्, ‘ट’ साठीं दोन टी, आणि चार चरणांच्या कडव्यांत पहिल्या तीन चरणांस यमक, अशी लक्षणें दिसलीं तर तें पोर्तुगीज नव्हे, मराठी आहे. आणि त्याचें एक छायाचित्र तरी मंडळाकडे धाडावें.