मूर आलेख

मूर आलेख ही आलेख सिद्धांतातील एक संकल्पना आहे. अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड मूर यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. अशा आलेखांपैकी एक अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न १९६० पासून अनुत्तरित आहे.

व्याख्या

शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांनी आलेख बनतो. एका शिरोबिंदूला मिळणाऱ्या कडांच्या संख्येस त्याची कोटी म्हणतात. प्रत्येक शिरोबिंदूची कोटी 'क' असून कोणत्याही शिरोबिंदूपासून दुसऱ्याकडे जास्तीत जास्त दोन कडांनी पोहोचता येत असेल, तर आलेखात १ + क + क(क − १), म्हणजेच क² + १ पेक्षा अधिक शिरोबिंदू असू शकत नाहीत. ही कमाल मर्यादा नेमकी गाठणारा आलेख म्हणजे व्यास २ असलेला मूर आलेख होय.

हॉफमन–सिंगलटन प्रमेय

ॲलन हॉफमन व रॉबर्ट सिंगलटन यांनी १९६० मध्ये सिद्ध केले की, अशा आलेखाची कोटी २, ३, ७ किंवा ५७ हीच असू शकते. आलेखाचे रूपांतर आव्यूहात केल्यास त्याची लाक्षणिक मूल्ये काढता येतात. प्रत्येक मूल्य किती वेळा येते ती संख्या पूर्णांक असावी लागते. या अटीमुळे, कोटी २ चा अपवाद वगळता, ४क − ३ हा पूर्ण वर्ग असावा लागतो आणि त्याच्या वर्गमुळाने १५ ला निःशेष भाग जावा लागतो. त्यातून ३, ७ व ५७ या कोटी मिळतात.

ज्ञात आलेख

कोटी २ : पंचकोन, ५ शिरोबिंदू.
कोटी ३ : पीटरसन आलेख, १० शिरोबिंदू.
कोटी ७ : हॉफमन–सिंगलटन आलेख, ५० शिरोबिंदू.

या प्रत्येक कोटीसाठी आलेख एकमेव आहे.

अनुत्तरित प्रश्न

कोटी ५७ असलेला आलेख असल्यास त्यात ३,२५० शिरोबिंदू व ९२,६२५ कडा असतील. ५७ खेरीज त्याची लाक्षणिक मूल्ये ७ आणि −८ असतील व ती अनुक्रमे १,७२९ आणि १,५२० वेळा येतील. बीजगणिताच्या या कसोटीवर कोणताही विरोधाभास आढळत नाही. मात्र कसोटी पार होणे म्हणजे आलेख सापडणे नव्हे.

ग्रॅहम हिगमन यांनी दाखवले की, या आलेखाचे सर्व शिरोबिंदू परस्परांशी समतुल्य असू शकत नाहीत. मार्टिन माचाय व योझेफ शिरान यांनी २०१० मध्ये सिद्ध केले की, त्याच्या सममितींची संख्या ३७५ पेक्षा अधिक असणार नाही. पीटरसन आलेखाच्या सममिती १२०, तर हॉफमन–सिंगलटन आलेखाच्या २,५२,००० आहेत. म्हणजेच हा आलेख असलाच, तर तो आपल्या लहान भावंडांसारखा सुडौल नसेल. सममितीच्या आधारे त्याची रचना करणे म्हणूनच अवघड ठरते, आणि सर्व शक्यता संगणकाने तपासणेही आवाक्याबाहेरचे आहे.

व्यास ३ किंवा त्याहून अधिक व कोटी २ पेक्षा मोठी असलेले मूर आलेख नाहीत, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे व्यास २ व कोटी ५७ हे एकच प्रकरण आता शिल्लक आहे.

हेही पाहा

पीटरसन आलेख, आलेख सिद्धांत, आव्यूह