लाझारेन्को खटला : माजी पंतप्रधान परदेशात दोषी कसा ठरला?
पावलो लाझारेन्को १९९६-९७ मध्ये युक्रेनचे पंतप्रधान होते. सत्तेच्या जोरावर उकळलेला पैसा त्यांनी स्वित्झर्लंड, अँटिग्वा इथल्या बँकांतून फिरवत अमेरिकेत आणला, असा आरोप होता. १९९९ मध्ये अमेरिकेत उतरताच त्यांना अटक झाली.

गुन्हा युक्रेनमधला, मग खटला अमेरिकेत कसा? तर असा पैसा अमेरिकी बँकेत शिरला की तिथला मनी लाँड्रिंगचा कायदा लागू होतो. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. २००६ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली; अपिलानंतर ती थोडी कमी झाली.

२०१२ मध्ये ते सुटले. पण अनेक देशांतल्या खात्यांवर जप्तीसाठी २००४ मध्ये केलेला दावा त्यानंतरही चालूच राहिला. माणूस तुरुंगात गेला, तरी जनतेचा पैसा लगेच परत येत नाही.