रक्षकाचे कान : बोस यांचा स्फटिक आणि घरातला सुरक्षा-खटका

२९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांना एक पेटंट बहाल केले. त्याचे शीर्षक होते ‘विद्युत-विक्षोभांचा शोधक’. गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा स्फटिक आणि त्यावर टेकलेले धातूचे टोक, एवढीच त्याची रचना. अर्धवाहक उपकरणाचे जगातील पहिले पेटंट म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. अशा सांध्यातून प्रवाह एका दिशेने सहज वाहतो, उलट दिशेने अडतो. सेकंदाला लक्षावधी हेलकावे घेणारी रेडिओलहर त्यामुळे मोजता येईल अशा संथ प्रवाहात उतरते. रेडिओ ऐकू येण्यामागचे हे मर्म काही दशकांनंतर अमेरिकेतील घरांमध्ये कोणीही न बोलावता हजर झाले.

त्याला निमित्त झाले माणसाचे प्राण वाचवण्यासाठी जन्मलेले एक साधन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील अनेक वर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा करत होते : हातात धरलेली विजेची तार माणसाला किती प्रवाहापर्यंत सोडता येते? १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया यांनी स्वेच्छेने प्रयोगांत भाग घेतला. सरासरी मर्यादा पुरुषांसाठी सुमारे १६ आणि स्त्रियांसाठी सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. दिवाणखान्यातील दिवाही पेटणार नाही एवढ्या प्रवाहात हाताचे स्नायू आवळून बसतात. साधा फ्यूज मात्र कित्येक अँपिअर वाहिल्याशिवाय वितळत नाही. तो तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही.

डॅल्झील यांनी १९६१ मध्ये यावर उपाय काढला. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह पूर्णपणे परतला, तर दोघांचे परिणाम एकमेकांना छेद देतात. त्यातला थोडासा भाग माणसाच्या देहातून जमिनीत गेला, की हिशेब चुकतो आणि कड्यावरील गुंडाळीत इवलासा संकेत उमटतो. अर्धवाहक परिपथ तो संकेत वाढवतो आणि खटका पडतो. पाच मिलिअँपिअरची तूट सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओळखली जाते. अमेरिकेच्या विद्युत संहितेने हे संरक्षण १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावांतील दिव्यांना, १९७३ मध्ये घराबाहेरील सॉकेटांना आणि १९७५ मध्ये न्हाणीघरांना सक्तीचे केले.

याच घरांत हौशी रेडिओचालकही राहत होते. त्यांच्या सात मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे चाळीस मीटर. तिचा चतुर्थांश दहा मीटर. भिंतीतून धावणाऱ्या तारांची लांबीही साधारण तेवढीच! प्रक्षेपण सुरू होताच घराची वायरिंगच अँटेना बनू लागली. तारांवर आलेली ती लहर खटक्यातील प्रवर्धकापर्यंत पोहोचली आणि तिथल्या अर्धवाहक सांध्यांनी बोस यांच्या स्फटिकाचेच काम केले. लहर एकदिश झाली, मोर्सच्या ठोक्यांचा किंवा बोलण्याचा चढउतार संथ संकेत होऊन पुढे सरकला आणि परिपथाने तो गळती समजून वीज तोडली. गळती कुठेच नव्हती. रक्षकाचे कान इतके तीक्ष्ण होते, की त्याला न सांगितलेलेही ऐकू येत होते.

दोष कोणाचा? रेडिओचालक परवान्याच्या मर्यादेत होता, वायरिंग निर्दोष होती आणि खटका आपले कर्तव्य बजावत होता. उत्तर रचनेतच शोधावे लागले. प्रवर्धकाच्या तोंडाशी लहान संधारित्र, तारेभोवती फेराइटचे कडे, घरापासून दूर नेलेली अँटेना, असे उपाय पुढे आले. मानकांनीही दखल घेतली. घरगुती गळतीरक्षकांच्या विद्युतचुंबकीय सुसंगतीसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे आयईसी ६१५४३ हे स्वतंत्र मानक १९९५ मध्ये निघाले.

भारतातील घरांत दिसणारा आरसीसीबी बहुधा तीस मिलिअँपिअरचा असतो. त्याच्या अनेक प्रकारांत प्रवर्धकच नसतो. गळतीच्या प्रवाहातून मिळणारी ऊर्जाच चुंबकाने धरलेला खटका सोडवते. त्यामुळे रेडिओलहरींना चकण्याचा संभव कमी. इलेक्ट्रॉनिक प्रकारांना मात्र बर्कलीच्या वारशातला हा कमकुवतपणाही वाट्याला येऊ शकतो.

खरा धोका खटका पडण्यात नाही. वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकण्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. दुसरीकडे, १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात आणि २००१ च्या भुज भूकंपात इतर संपर्क तुटले असताना हौशी रेडिओने निरोप पोहोचवले. दोन्ही साधने जीव वाचवण्यासाठीच आहेत. एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची गरज नाही. गरज आहे ती विक्षोभ आणि संकट यांतला भेद रक्षकाला शिकवण्याची.