इतिहासाच्या पदवीचे मोल : म्हैसूरच्या संदर्भात

इतिहासाच्या पदवीने पोट भरते काय, हा प्रश्न आजचा वाटला तरी तो पदवीइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर सामान्यतः दोन टोकांवरून दिले जाते. एका टोकाला पदवीधराच्या वेतनाचा आकडा असतो. दुसऱ्या टोकाला, ज्ञानाचे मोल पैशात होत नाही, हे सुभाषितवजा समाधान असते. दोन्ही उत्तरांतून एक महत्त्वाची बाब निसटते. पदवीला मान्यता कोण देतो, तिच्या बदल्यात पद देण्याचे सामर्थ्य कोणाकडे आहे आणि त्या पदापर्यंतची वाट कोणाला मोकळी आहे, यांवर पदवीची किंमत ठरते. हे तपासण्यास म्हैसूर संस्थानाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे विद्यापीठ स्थापन करणारी आणि पदवीधरांना पदे देणारी सत्ता एकच होती.

विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच म्हैसूरमध्ये या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर हाती आले होते. तेथील शासकीय प्राच्य ग्रंथालयाचे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना १९०५ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्राचे ताडपत्रावरील हस्तलिखित मिळाले. १९०९ मध्ये त्यांनी मूळ संहिता प्रसिद्ध केली आणि १९१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर. या ग्रंथाच्या पाचव्या अधिकरणात राजसेवकांच्या वेतनाची तपशीलवार यादी आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० पण; पौराणिक, सूत, मागध यांना १,००० पण; आचार्य आणि विद्यावंत यांना योग्यतेनुसार ५०० ते १,००० पण मानधन. याच ग्रंथाच्या पहिल्या अधिकरणात मात्र राजपुत्राने दिवसाचा उत्तरार्ध इतिहासाच्या श्रवणात घालवावा, असे सांगितले आहे. आणि त्या इतिहासात पुराण व आख्यायिकांबरोबर धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्रही समाविष्ट केले आहे. इतिहास ऐकणे हे राज्यकर्त्याच्या शिक्षणाचे आवश्यक अंग. पण पौराणिकाचे वेतन मंत्र्याच्या वेतनाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाइतके. ज्ञानाचा राज्याला होणारा उपयोग आणि ज्ञानवंताला मिळणारा मोबदला यांतील हे अंतर शामशास्त्रींच्या बाबतीतही दिसते. भारतीय राज्यव्यवहाराविषयीची जगाची समजूत बदलणारे कार्य त्यांच्या हातून झाले, ते ग्रंथपालाच्या वेतनावर.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना २७ जुलै १९१६ रोजी झाली. महाराज कृष्णराज वाडियार (चौथे) आणि दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे देशी संस्थानातील पहिले विद्यापीठ होय. तोवर महाराजा कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मद्रास विद्यापीठाच्या परीक्षांना बसावे लागे. प्रारंभीच्या अध्यापकांत इतिहासाचे राधाकुमुद मुखर्जी आणि तत्त्वज्ञानाचे सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा समावेश होता. पुढे इतिहासाचे प्राध्यापक एम. एच. कृष्ण यांच्याकडे संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुराही आली आणि ब्रह्मगिरी, चंद्रवल्ली येथील उत्खननांनी विषयाची प्रतिष्ठा वाढवली. तथापि अशी पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पदवीचे मोल अन्यत्र होते. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, १८९१ मध्ये, म्हैसूर सिव्हिल सर्व्हिससाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली होती. पदवी ही या वाटेवरची पायरी होती. विषय इतिहास की इंग्रजी, हा प्रश्न दुय्यम होता. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांची पदवी इंग्रजी साहित्याची, चरितार्थ संस्थानच्या प्रशासकीय सेवेवर आणि कीर्ती 'चिकवीर राजेंद्र' (१९५६) यासारख्या ऐतिहासिक कादंबरीवर.

पदवीचे रूपांतर पदात होत असल्यामुळेच ती कोणाला मिळते, हा राजकीय प्रश्न झाला. संस्थानातील वरच्या पदांवर ब्राह्मणांचे प्राबल्य होते. ब्राह्मणेतरांच्या मागणीवरून महाराजांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरिष्ठ पदांपैकी किमान निम्मी आणि कनिष्ठ पदांपैकी दोनतृतीयांश पदे मागास समाजांना मिळावीत, अशी शिफारस समितीने केली. गुणवत्तेचा निकष सैल होईल, या भूमिकेतून विश्वेश्वरय्यांनी या धोरणाला विरोध केला आणि अखेरीस दिवाणपद सोडले. मराठी वाचकाला येथे कोल्हापूरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के पदे मागासवर्गीयांसाठी राखून ठेवली होती. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे हिशेबाचा मूळ मुद्दा मांडला होता : उच्च शिक्षणाचा खर्च रयतेच्या घामातून भागतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना होतो. पदवीच्या आर्थिक मोलाची चर्चा पदवीधराच्या वेतनापाशी थांबत नाही. तिचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हेही विचारावे लागते, हे भान फुल्यांच्या निवेदनात स्पष्ट आहे.

पदवी आणि पद यांची ही सांगड सैल झाल्याचे चित्र साहित्यात उमटले ते आर. के. नारायण यांच्या 'द बॅचलर ऑफ आर्ट्स' (१९३७) या कादंबरीत. नारायण स्वतः १९३० मध्ये महाराजा कॉलेजातून पदवीधर झाले. कादंबरीचा नायक चंद्रन इतिहासाचा विद्यार्थी असून प्राध्यापक राघवाचार यांच्या आग्रहाने महाविद्यालयातील इतिहास मंडळाचा चिटणीस होतो. पदवी मिळाल्यावर मात्र करायचे काय, हे त्याला उमगत नाही. प्रेमभंग, काही काळाचे संन्यस्त भटकणे आणि घरी परतणे, अशा वळणांनंतर तो एका वृत्तपत्राचा मालगुडीतील विक्री प्रतिनिधी होतो. हा व्यवसाय त्याला मिळतो तो नातलगाच्या ओळखीमुळे. इतिहासाचा त्याच्याशी संबंध नाही. नारायण यांची विनोदबुद्धी या घटितातून शोकांतिका घडवत नाही; पण बेकार काळात चंद्रनच्या पाठीशी वडिलांचे सुस्थित घर उभे आहे, हे वास्तव ती लपवतही नाही. नारायण यांनी स्वतः काही काळ मद्रासच्या 'जस्टिस' पत्रासाठी वार्ताहराचे काम केले. ब्राह्मणेतरांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या पत्रातून एका ब्राह्मण पदवीधराला चरितार्थाचा आधार मिळावा, यात तत्कालीन रोजगाराची बदलती दिशा दिसते.

मराठी प्रदेशात इतिहासाचा उद्योग मुख्यतः विद्यापीठाबाहेर वाढला. वि. का. राजवाडे पदवीधर होते. परंतु 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांसाठी त्यांनी केलेल्या पायपिटीला कोणतेही वेतन नव्हते. त्यांनी आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ मुख्यतः व्रतस्थ अभ्यासकांच्या बळावर चालले. गो. स. सरदेसाई यांना बडोद्याच्या सयाजीरावांची दीर्घ सेवा लाभली, तिच्या आधाराने 'रियासत' सिद्ध झाली. एकाने निर्वाहाची चिंता बाजूला सारली, दुसऱ्याला संस्थानाने निर्वाह दिला. या त्यागपरंपरेचा मराठीत यथोचित गौरव झाला आहे. पण तिची दुसरी बाजू फारशी तपासली गेलेली नाही. विनावेतन विद्या ज्यांना परवडते, त्यांचाच इतिहास मग प्राधान्याने लिहिला जातो. ज्याच्या घरी पोथ्या नाहीत, दप्तर नाही आणि उसंत नाही, त्याला व्रतस्थ होण्याचे स्वातंत्र्य नसते. म्हैसूरच्या संस्थानी विद्यापीठाचे वेगळेपण येथे लक्षात येते. इतिहासाचे अध्यापन सवेतन पद झाल्यामुळे, निदान तत्त्वतः, ते कोणालाही मागता येऊ लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात म्हैसूर विद्यापीठ राज्य शासनाचे विद्यापीठ झाले आणि आरक्षणामुळे त्याची दारे अधिक रुंद झाली. मिलर समितीने सुचवलेली वाट आता पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचली आहे. परंतु वाट रुंद होत असताना तिच्या शेवटची पदे आक्रसत गेली. कर्नाटकातील अतिथी व्याख्याते आणि महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील अध्यापक हे याच स्थितीचे दोन प्रांतांतील अवतार आहेत. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. कायम पद मात्र नाही. अशा वेळी इतिहासाची पदवी निरुपयोगी ठरली, असा निष्कर्ष काढणे म्हणजे मागणी कमी करणाऱ्या शासनाचा निर्णय विषयाच्या माथी मारणे होय.

ही घसरण सर्वांना सारखी जाणवत नाही. चंद्रनसारख्यांच्या पाठीशी घर असते. शिकणारी पहिली पिढी मात्र नेमक्या याच वेळी दारात उभी आहे. वेतन देणारी पदे गेली, की इतिहास पुन्हा सुस्थितांच्या उसंतीचा विषय होतो, आणि फुल्यांनी १८८२ मध्ये मांडलेला हिशेब नव्याने मांडावा लागतो. पौराणिकाला एक हजार पण देणाऱ्या प्राचीन ग्रंथकर्त्याने ते वेतन अल्प ठेवले असेल. पण राजकोशाच्या यादीतून त्याचे नाव वगळले नव्हते.