किट झूम, व्यावसायिक झूम की प्राइम? वारली चौकाच्या निमित्ताने

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके हौशी छायाचित्रकारांना नवे नाहीत. बोर्डीचा सुरूच्या झाडांचा किनारा, घोलवडच्या चिकूवाड्या आणि पाड्यापाड्यांतील वारली चित्रे यांसाठी मुंबईकडून अनेकजण तेथे जातात. त्यांच्या खांद्यावर बहुधा कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची किट झूम लेन्स असते. किनाऱ्यावर आणि वाडीत ती मुळीच कमी पडत नाही. भरपूर उन्हात छिद्र एफ/८ वर ठेवले, की तिच्या आणि लाखभर रुपयांच्या लेन्सच्या चित्रातील फरक वर्तमानपत्राच्या आकारात सहसा ओळखूही येत नाही. तिची कसोटी लागते ती घरात.

वारल्यांच्या लग्नात घरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. गेरूने वा मातीने सारवलेल्या कुडावर सवाष्णी तो काढतात, मध्ये पालघाट देवी असते आणि धवलेरी गाणी म्हणते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. कागदावरचे चित्र विकत घेता येते. भिंतीवरचा चौक मात्र त्या लग्नापुरता असतो, आणि पारंपरिक कुडाच्या घरात खिडक्या अगदी थोड्या. अशा ठिकाणी फ्लॅश मारणे म्हणजे विधीत व्यत्यय आणणे. शिवाय समोरून पडलेल्या प्रखर उजेडात सारवणाचा पोत सपाट दिसतो. तेव्हा आहे त्या उजेडातच काम भागवावे लागते.

लेन्सवरील एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक. ३५ मिलिमीटरवर किट झूमचे छिद्र फार तर एफ/४.५ च्या आसपास उघडते. व्यावसायिक झूम त्याच ठिकाणी एफ/२.८ देते, तर ३५ मिलिमीटरची साधी प्राइम एफ/१.८. एफ/४.५ च्या मानाने एफ/१.८ ला सुमारे सहापट प्रकाश आत येतो. म्हणजे किट झूमला जेथे १/२० सेकंद लागेल, तेथे व्यावसायिक झूमला १/५० आणि प्राइमला १/१२५ सेकंद पुरेल. पीठ लावणारा हात १/२० सेकंदात हमखास पुसट येतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणेचा येथे उपयोग नाही. ती छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते, चित्र काढणाऱ्या बाईच्या हाताची हालचाल थांबवू शकत नाही. आयएसओ वाढवून तूट भरता येते व आजचे कॅमेरे ते पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले करतात. पण गेरूच्या गडद तांबूस रंगात कणीदारपणा लवकर डोळ्यांत भरतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. चौक लिहून पूर्ण झाला, की तो हलत नाही. मग तिपाई, एफ/८ आणि एक-दोन सेकंदांचे शटर एवढ्यावर किट झूमही उत्तम चित्र देते. फक्त ती १८ मिलिमीटरवर वापरू नये, कारण त्या टोकाला सरळ रेषा बाहेरच्या बाजूस फुगतात आणि चौकाची चौकट पिंपासारखी दिसू लागते. ३५ च्या पुढे जाऊन, कॅमेरा भिंतीशी समांतर धरावा. म्हणजे मोठे छिद्र हवे ते माणसांसाठी, भिंतीसाठी नव्हे.

प्राइम घेताना अनेकजण स्वस्त आणि हलकी म्हणून ५० मिलिमीटरची घेतात. ती उत्तमच असते. परंतु लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिचे दृश्यक्षेत्र ७५ ते ८० मिलिमीटरइतके अरुंद होते. झोपडीत मागे सरकायला जागा नसते, पाठ कुडाला टेकते आणि चौकटीत केवळ चेहरा मावतो. अशा कॅमेऱ्यासाठी ३५ किंवा २४ मिलिमीटर अधिक शहाणपणाची.

मग व्यावसायिक झूम कशासाठी? तारपा नाचासाठी. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचे ते लांब वाद्य वाजवणारा मध्ये फिरतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती कधी आवळते, कधी सैलावते. कमरेला हात गुंफलेल्या रांगेत घुसून जागा बदलता येत नाही, आणि संध्याकाळ उतरत असते. २४-७० मिलिमीटर एफ/२.८ येथे आपली किंमत वसूल करते. पण ती किंमत लाखाच्या घरात वा त्यावर, आणि वजन साधारण ८०० ग्रॅम ते एक किलो. ७०-२०० ची जुनी भारदस्त रूपे तर दीड किलोच्या आसपास भरतात. पाड्यावर तेवढे मोठे नळकांडे समोर रोखले, की माणसे अवघडतात, हा तोटा कोणत्याही तक्त्यात नसतो.

वर्षाकाठी दोन-चार वेळा येणाऱ्याने किट झूम विकू नये, तिच्या जोडीला एक रुंद प्राइम घ्यावी. नाचासाठी मोठी झूम त्या दिवसापुरती भाड्याने मुंबईत मिळते. लेन्स बदलायची ती मात्र घरातच किंवा बंद गाडीत. अंगणातली तांबडी धूळ आणि किनाऱ्यावरचे खारे वारे सेन्सरला सारखेच बाधतात.